मागच्या अंगणात टोमॅटो आढळून आल्याबाबत

दिनांक चौदा रोजी सकाळी सव्वासात वाजता आमच्या मागच्या अंगणात एक टोमॅटो आढळून आला. आकार लिंबाएवढा, रंग हिरवा, पूर्वपरवानगी नाही.

मी बायकोकडे खुलासा मागितला. ती म्हणाली, "सडका टोमॅटो फेकला होता तिथे. आपोआप उगवलाय." छत्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला 'आपोआप' हा शब्द सहन होत नाही. कचेरीत आपोआप काही होत नाही. मी स्वतः होऊ दिलेलं नाही.

दाराशी आई खुर्चीत बसली होती. आजारपणानंतर हाताला बळ यावं म्हणून डॉक्टरांनी दिलेला लाल रबरी चेंडू ती दाबत होती. म्हणाली, "महिना झाला रे, तोंडाला चव नाही. तो पिकला की मला दे. मीठ लावून खाईन."

मागणी तोंडी होती. तरीही माणुसकीच्या दृष्टिकोनातून मी त्याच दिवशी परसबाग समिती नेमली. अध्यक्ष मी. तज्ज्ञ सदस्य माझा मेहुणा, कारण त्याने घरबसल्या दोन दिवसांत शेतीचं प्रमाणपत्र मिळवलं आहे आणि तसाही तो आमच्याकडेच जेवतो. पाणीपुरवठा बायकोकडे. आई लाभार्थी.

टोमॅटो कच्चा असल्याने त्याची नोंद कच्च्या वहीत केली. आईकडून अर्ज घेतला, पण हात थरथरल्यामुळे सही बँकेतल्या सहीशी जुळेना. मग नात्याचा पुरावा मागणं आलं.

"अरे, मी तुझी आई आहे!"

"ते मला ठाऊक आहे, आई. वहीला ठाऊक नाही."

"तुला जन्मताना पाहिलंय मी."

"तू हितसंबंधी व्यक्ती आहेस. त्रयस्थ कोणी होतं का?"

आईने हातातला चेंडू करकचून दाबला. "सुईण होती. तेव्हाच म्हणाली होती, याचं प्रत्येक काम रखडणार."

हे विधान मी पुरावा म्हणून जोडून घेतलं.

टोमॅटो पिकला हे ठरवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. मेहुण्याने दुकानातून भिंतीच्या रंगांचं कार्ड आणलं आणि 'सूर्यास्त लाल, क्रमांक सात' ही छटा समितीने एकमताने मंजूर केली. बायको गैरहजर होती, स्वयंपाक करत होती. तोवर पक्ष्यांपासून आणि लाभार्थीपासून संरक्षण म्हणून टोमॅटोवर स्टीलची चाळणी उपडी घातली, साखळीने कुलूप लावलं. किल्ली पाणीपुरवठा विभागाकडे.

सहाव्या दिवशी टोमॅटो क्रमांक चारवर आला, नवव्या दिवशी पाचवर. आई रोज विचारायची, "आज?"

"प्रक्रिया सुरू आहे, आई."

"मीही सुरू आहे. किती दिवस, ते माहीत नाही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पण नियम नियमच.

बाराव्या दिवशी आईने काहीच विचारलं नाही. तिच्या हनुवटीला कसलंसं पिवळं बी चिकटलं होतं, हात रिकामा होता, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तिने जेवताना "आणखी वाढ" म्हटलं. कार्यपद्धतीवर विश्वास बसला की भूकही लागते, असं मला वाटलं.

त्याच दुपारी मेहुणा ओरडत आला. "भावोजी! क्रमांक सात! तंतोतंत!"

चाळणीच्या भोकांतून भिंग लावून तीनदा तपासणी झाली. एवढा गोल, एवढा गुळगुळीत, एवढा नियमात बसणारा टोमॅटो समितीने पाहिला नव्हता. पक्की नोंद झाली. कुलूप काढलं. हाताला जरा घट्ट लागला, पण तज्ज्ञ म्हणाले, जातच तशी आहे. ताटलीत ठेवून, शेजारी मीठ घालून, मी तो आईला दिला.

आईने तो एकदा दाबला आणि जमिनीवर आपटला. तो उसळून तज्ज्ञांच्या कपाळावर बसला.

"पोचल्याची सही कुठे करू?" आईने विचारलं. या वेळी सही बँकेतल्या सहीशी हुबेहूब जुळली.

चौकशी सुरू आहे. बायको म्हणते, ती पाणी घालत होती. मेहुणा म्हणतो, तो कार्ड बघत होता. साक्षीदार नाही, असं मी लिहिणारच होतो, तेवढ्यात आठवलं. हनुवटीवरचं ते बी तुम्हालाही दिसलं होतं. तुम्ही ओळखलंत, गालातल्या गालात हसलात, पण मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. आपली फाईल नाही ना!

खाली 'साक्षीदार' लिहिलंय, तिथे सही करा. वर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. एरवी तरी कुठे वाचता?