कार्बोरेटर, नग एक

स्कूटर घ्यायची नाही असं चिठ्ठीरावांनी ठरवलं, आणि सगळं बिघडलं ते तिथूनच.

त्यांचं खरं नाव आता ऑफिसातही कुणाला आठवत नाही. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात ते बावीस वर्षं स्टोअरकीपर आहेत आणि या बावीस वर्षांत चिठ्ठीशिवाय त्यांच्या खिडकीतून साधा वायसरसुद्धा बाहेर गेलेला नाही. एकदा भांडारातलाच नळ फुटला, घोटाभर पाणी साचलं, तरी गृहस्थांनी प्लंबरकडून आधी चिठ्ठी लिहून घेतली आणि मगच नवा नळ काढून दिला. (चिठ्ठी भिजली म्हणून दुसरी लिहायला लावली असं लोक सांगतात. साफ खोटं. भिजलेलीच त्यांनी वाळवली.) खिडकीवर त्यांच्या हातची पाटी आहे : ‘माल तपासून घ्या. मागाहून तक्रार चालणार नाही.’

तर स्कूटर. ऑफिस चढावर, चिठ्ठीराव पन्नाशीत, आणि सायकल त्यांच्या लग्नाआधीची. बायको म्हणाली, “अहो, आता स्कूटर घेऊ या. मलाही मागे बसून कुठे जाता येईल.”

“त्यापेक्षा सायकललाच इंजिन बसवतो,” चिठ्ठीराव म्हणाले. “छोटं इंजिन मिळतं हल्ली. आणि फायदा काय, ते बंद पडलं तरी पेडल आहेतच.”

“आणि चालू असताना मी कुठे बसू? घंटीवर?”

हा प्रश्न पुरा व्हायच्या आत चिठ्ठीराव दुकानाच्या वाटेला लागले होते.

दुकानदार मोठा गोड बोलणारा. चिठ्ठीरावांनी स्टोअरकीपरला शोभेल असा पहिलाच प्रश्न टाकला, “स्पेअर मिळतात का याचे?”

“साहेब, हे इंजिन इतकं टिकेल, की तुम्ही स्पेअर मागायला याल तेव्हा मी दुकान सोडून घरी बसलेलो असेन!”

माणूस शब्दाचा पक्का निघाला. पाच महिन्यांनी इंजिन खोकायला लागलं, चिठ्ठीराव स्पेअर मागायला गेले, तर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती.

पाच महिने मात्र त्यांनी राजासारखे काढले. चढावर घाम पुसत थांबलेल्या हेडक्लार्कच्या शेजारून फटफट करत पुढे जाताना ते मुद्दाम समोर बघत. आता तेच हेडक्लार्क रोज “काय, आज इंजिनाला रजा?” असं विचारून पुढे जायला लागले. चिठ्ठीरावांना हे फार लागलं.

सायकलवाल्या मिस्त्रीने इंजिन उघडून बघितलं. “इंजिन ठणठणीत आहे. दहा वर्षं बघायला नको. कार्बोरेटर गेलाय.”

“पण दुकानदार तर म्हणाला होता...”

“तो इंजिनाबद्दल म्हणाला असेल. कार्बोरेटरला कुणी सांगितलं नसणार.” मिस्त्रीने हात पुसले. “नवा मिळायचा नाही. हे मुळात सायकलचं इंजिनच नाही, फवारणीच्या पंपाचं आहे. ओळखीत कुणाकडे तसला पंप असेल तर बघा.”

ओळखीत नव्हे, नात्यातच होता. सासऱ्यांकडे.

सासरे म्हणजे निवृत्त शाळातपासनीस. नोकरी सुटली तरी लाल पेन सुटलं नव्हतं. वर्तमानपत्रावर, औषधाच्या बाटलीवर, सासूबाईंच्या भाजीच्या यादीवरसुद्धा ते लाल शेरा मारत. जावयावर त्यांनी लग्नातच शेरा मारून ठेवला होता : ‘बावळट आहे, पण प्रामाणिक आहे.’ वीस वर्षांत तो बदलला नव्हता. त्यातल्या दुसऱ्या अर्ध्यावर चिठ्ठीराव त्या घरात मान वर करून वावरत. बायकोही भांडणात शेवटी तिथेच यायची, “काही असलं तरी माझा नवरा कुणाच्या खिळ्याला हात लावणार नाही!”

रविवारी दोघं सासुरवाडीला गेली. बायको बसने, चिठ्ठीराव पेडल मारत. जेवणं झाली, सासरे आतल्या खोलीत घोरायला लागले, मायलेकी गप्पांत रंगल्या. चिठ्ठीराव सहज परसात गेले. परसात शेड होती. शेडमध्ये मेणकापडाखाली पंप होता. आणि चिठ्ठीरावांच्या खिशात, का कोण जाणे, स्क्रूड्रायव्हर होता.

मागावं का? मागितला तर सासरे आधी इंजिन घेतल्याबद्दल शेरा मारणार, मग ते बंद पडल्याबद्दल. त्यापेक्षा आठ दिवस वापरू, दुसरा मिळाला की गुपचूप बसवू. आपल्याच घरातली वस्तू, आपल्याच घरात! इतकं समजावल्यावर मनाचा नाइलाज झाला. दहा मिनिटांत कार्बोरेटर रुमालात बांधून ते बाहेर पडले. “जरा मिस्त्रीकडे जाऊन येतो गं,” एवढं दारातूनच सांगितलं.

मिस्त्रीने कार्बोरेटर बसवला. दोन-चार आचके देऊन इंजिन फटफटलं. चिठ्ठीरावांनी खुशीत घाम पुसायला खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर चिठ्ठीबुक बाहेर आलं. (ते रविवारीही त्यांच्याबरोबर असतं.) वरचं पान फाडलेलं होतं. खाली कार्बनची प्रत होती, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात :

‘फवारणी पंपाचा कार्बोरेटर. नग एक. कारण : सायकल. नेणाऱ्याची सही’, आणि खाली त्यांची लफ्फेदार सही. पुढे, ‘देणाऱ्याची सही : झोपले असल्यामुळे घेता आली नाही.’

चिठ्ठीरावांनी प्रत दोनदा वाचली. बावीस वर्षांची सवय! डोकं चोरी करत होतं आणि हात चिठ्ठी लिहीत होता. मूळ प्रत त्यांनी कुठे ठेवली असणार हेही त्यांना कळून चुकलं. नियमानुसार, वस्तू काढलेल्या जागी.

“काय झालं साहेब?” मिस्त्री म्हणाला.

“काही नाही. चिठ्ठी राहिली,” असं म्हणून ते सायकलवर बसले आणि सुटले. सासरे चारला उठत. पावणेचार झाले होते. वीस वर्षं जपलेला ‘प्रामाणिक’ आता पंधरा मिनिटांचा सोबती होता.

दोन गल्ल्या गेल्या आणि ऐन चढावर इंजिन एकदाच खाकरून गप्प झालं. चिठ्ठीरावांनी त्याला विनवलं, दटावलं, शेवटी एक लाथ घातली. ती पायालाच लागली. मग पेडल मारायला सुरुवात केली. इंजिनाचं ओझं, चढ, पन्नाशी आणि ठणकणारा अंगठा घेऊन ते चार वाजून दहा मिनिटांनी फाटकात पोचले.

ओसरीवर सगळे जमले होते. सासरे मधल्या खुर्चीत. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर लाल पेन.

“या जावईबापू,” सासरे म्हणाले. “शेजारी पंप मागायला आले होते. म्हटलं, अहो, तो दोन वर्षं बंद आहे, हवं तर दाखवतो. कापड उचललं, तर ही मिळाली.”

“दोन वर्षं बंद?” चिठ्ठीरावांच्या तोंडून एवढंच आलं.

“कार्बोरेटर खराब. गावभर हिंडलो, नवा मिळत नाही.”

चिठ्ठीरावांनी चिठ्ठी घेतली. त्यांच्या सहीखाली लाल शाईत शेरा होता : ‘वस्तू नादुरुस्त. नेणाऱ्याने तपासून घेतली नाही.’

चोरी पकडली गेल्याचं दुःख होतंच. पण हा शेरा स्टोअरकीपरच्या वर्मी बसला.

“बाबा, चुकलो. आत्ता काढून परत देतो.”

“छे, छे! मागाहून तक्रार चालणार नाही. पाटी वाचलीय मी तुमची.”

बायकोचे डोळे भरून आले होते; रागाने की हसू दाबल्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. तिने नवऱ्याच्या खिशातून चिठ्ठीबुक काढलं, वडिलांच्या हातातलं लाल पेन घेतलं आणि लिहिलं : ‘स्कूटर. नग एक. कारण : नवरा.’ मग बुक पुढे धरलं. “देणारे जागे आहेत. करा सही.”

चिठ्ठीरावांनी कार्बन नीट आहे ना बघितलं आणि सही केली.

चहा झाला. सासूबाईंनी अंगठ्याला लावायला हळद आणून दिली. निघताना चिठ्ठीराव फाटकाशी घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बाबा, तुमचं माझ्याबद्दल ते एक मत होतं... ते आता...”

सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “चोरी करतानाही जो सही ठेवून जातो, त्याला अप्रामाणिक कसं म्हणू? ते मत कायम आहे. पहिल्या अर्ध्याला मात्र मी इतकी वर्षं फारच कमी मार्क देत होतो.”