विसावा केंद्राचा नवा दरवाजा

विसावा केंद्राचं नूतनीकरण एकदाचं संपलं, आणि झोप म्हणजे नक्की काय असतं ते चिमीची आई आठवू लागली. चिमी दहा वर्षांची. जीभ भलतीच तिखट, पण हातपाय तिचं ऐकत नाहीत. रात्री कूससुद्धा दुसऱ्याने वळवावी लागते. म्हणजे रात्रीतून चार-पाचदा आईने उठायचं, लेकीला वळवायचं आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठायचं. अशा मुलांना दोन-चार दिवस सांभाळून आईबापांना जरा श्वास घेऊ द्यायचा, यासाठीच तर हे केंद्र होतं. ते रंगरंगोटीसाठी म्हणून बंद झालं आणि वर्षानुवर्षं बंदच राहिलं.

कारण अध्यक्षांना सौंदर्यदृष्टी होती. भिंतींचा रंग तीनदा बदलून झाला. मागचा दरवाजा नजरेला खुपतो म्हणून तो विटांनी बुजवला आणि त्यावर इंद्रधनुष्य काढलं. शेवटी पुढच्या साध्या, रुंद दरवाजाच्या जागी कोरीव चौकट आली. वेली, फुलं, दोन्ही बाजूंना गुबगुबीत पोपट! मुलांना काय हवं, हे मुलांना विचारण्याचा आगाऊपणा मात्र कुणी केला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी व्यवस्थापिकाबाई आईच्या कानात म्हणाल्या, "रिबीन कापली की हिला सोडून तुम्ही सरळ घर गाठा. दोन रात्री ढाराढूर झोपा."

हे ऐकूनच आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

रिबीन कापून अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे आत गेले, फोटोसाठी दरवाजाकडे तोंड करून हसत उभे राहिले. "येऊ द्या आपल्या पहिल्या बालपाहुणीला!"

आईने चाकाची खुर्ची पुढे ढकलली. खुर्ची पोपटांपाशी अडली.

"काका, दरवाजा मोजला होता का?" चिमीने विचारलं.

"बाळ, सगळं तज्ज्ञांनी केलंय."

"ते चालत आले असतील."

"अहो, ढकला ना जोरात!" अध्यक्ष खेकसले. "फोटो खोळंबलाय!"

दोन उत्साही कार्यकर्ते धावले आणि त्यांनी आईला बाजूला सारून दणका दिला. कर्रर्र! चाकं दोन पोपटांच्या मध्ये गच्च बसली. आता खुर्ची पुढेही जाईना, मागेही येईना.

"चिमे, लागलं का गं?" आईचा जीव वरखाली झाला.

"छे! मस्त दिसतंय इथून."

"आम्ही मागच्या दाराने बाहेर येतो," आत अडकलेले पाहुणे म्हणाले.

"तिथे इंद्रधनुष्य आहे, साहेब," व्यवस्थापिकाबाई गोड आवाजात म्हणाल्या.

खिडक्यांना गज होते. पोरीला उचलून घ्यावं म्हणून अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या.

"मला उचलायला दोन माणसं लागतात, शिकवलेली," चिमी म्हणाली. "तुम्हाला येतं?"

अध्यक्षांनी बाह्या पुन्हा खाली घेतल्या. सुताराला फोन गेला.

"आई, मी केंद्रात आले ना?"

"अर्धी आली आहेस."

"मग जा, झोप. अध्यक्षकाका सांभाळतायत."

आईने आतल्या मंडळींना ओरडूनच सूचना दिल्या: पाणी चमच्याने पाजा, मान कलली की सरळ करा. बाहेर समारंभाच्या मांडवात पाहुण्यांसाठी आणलेला मऊ सोफा ओस पडला होता. नुसतं टेकावं म्हणून ती बसली आणि आडवी कधी झाली ते तिचं तिलाच कळलं नाही. झोपेतही आवाज कानावर येत होते.

"चमचा सरळ धरा, काका. हां, जमतंय तुम्हाला!"

"ही गोष्ट नाही हो, पाहुणेकाका, हे भाषण आहे. दुसरी सांगा."

बऱ्याच वेळाने सुतार करवत घेऊन आला. "चौकट तोडावी लागेल, साहेब."

"तोडा!" आतून अध्यक्षांचा रडवेला आवाज आला. त्यांचा कोट पाण्याने भिजला होता. "पोपटांसकट तोडा! चांगला ऐसपैस दरवाजा करा! किती वेळ लागेल?"

"अर्ध्या तासात मोकळं करतो."

सोफ्यावर आईने एक डोळा उघडला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "उन्हातून आलात. आधी चहा घ्या, निवांत बसा. घाई कसली आहे?"

आणि कितीतरी वर्षांनी तिने फक्त स्वतःची कूस बदलली.