घनसाळवाडीचा जुना रस्ता

डॉक्टर इंदुमती शिंत्रे यांची जुनी जीप दुरुस्त झाली, पण तिच्या उमेदीच्या काळात जे रस्ते नव्हते, त्यांच्यावर चालायला तिने साफ नकार दिला.

हे लक्षात आलं ते आजऱ्याबाहेर, नव्या डांबरी रस्त्याच्या तोंडाशी. इंजिन सुरेख फिरत होतं, गिअर पडत होता, चाकं मात्र हलेनात. त्यांच्या मुलाने, श्रीधरने, क्लच पाहिला, खाली वाकून सगळं तपासलं. आई उतरली, तिने रस्ता न्याहाळला आणि म्हणाली, "हिला काही झालेलं नाही. हा रस्ता तिने कधी पाहिलाच नाही, एवढंच." मग तिने जीप मागे घेतली आणि शेजारच्या करवंदीच्या जाळीत घातली. जाळीखाली जुना गाडीरस्ता होता. जीप निमूटपणे चालू लागली.

इंदुमतीबाई गुरांच्या डॉक्टर. एके काळी बाईमाणूस जीप हाकत येतं हे बघायलाच गोठ्यापुढे गर्दी जमायची. श्रीधरचं लहानपण त्या जीपच्या मागच्या बाकावर, औषधांच्या पेटीला टेकून गेलं. पेट्रोल आणि फिनेलचा एकत्र वास आला की त्याला अजूनही झोप येई. आई निवृत्त झाल्यावर जीप परसात फणसाखाली उभी राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि श्रीधर कोल्हापूरच्या कॉलेजात शिकवू लागला.

या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं की नजर दिवसेंदिवस उतरत जाणार, त्यावर आता उपाय नाही. आईने ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिने मुलाला इतकंच सांगितलं की दिसतंय तोवर तिला त्याच्याबरोबर घनसाळवाडीला जायचं आहे, आणि जायचं ते जीपनेच. श्रीधरचा जन्म त्या गावातला. तो पाऊल टाकायला शिकत होता तेव्हा गाव धरणात गेलं. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.

सगळी मेची सुट्टी दोघं फणसाखाली होती. तो जीपखाली उताणा पडून पाना मागायचा, ती बोटांनी चाचपून नेमका तोच पाना द्यायची. कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये धुतला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, गादीतली पिसं काढली. एवढं करूनही इंजिन गुरगुरून बंद पडे. शेवटी आईने पेटीतून स्टेथोस्कोप काढला, बॉनेटवर टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. म्हशीचं पोट फुगलं की ती असंच ऐकायची. "डावीकडचा शेवटचा प्लग," ती म्हणाली. तो बदलल्यावर जीप सुरू झाली. कोपरापर्यंत काळ्या झालेल्या आपल्या प्राध्यापक मुलाकडे बघून आई खूप दिवसांनी हसली.

तर जुना रस्ता करवंदीतून निघाला, उसाच्या शेतातून गेला आणि एका दुमजली घराच्या भिंतीला भिडला. श्रीधरने दार वाजवलं. घरमालक तोडकर बाहेर आले. अवघडल्या स्वरात श्रीधरने त्यांना सांगितलं की रस्ता त्यांच्या माजघरातून जातो.

"जातोय की," तोडकर म्हणाले. "रस्ता आधीचा, भित्ताड नंतरचं. लई वर्सांत कुणी आलं न्हाई म्हणून कपाट ठेवलं हुतं तितं." त्यांनी कपाट सरकवलं. भिंतीने वाट दिली. जीप माजघरातून जात असताना तोडकरांच्या सुनेने बाईंच्या हातात ताकाचा पेला ठेवला आणि जीप मागच्या दाराशी पोहोचेपर्यंत रिकामा पेला परत घेतला.

दुपारी ते धरणाच्या काठावर आले. रस्ता सरळ पाण्यात उतरत होता. तिथल्या अभियंत्यांनी त्यांना थांबवलं आणि विचारपूस केली. त्यांची तशी हरकत नव्हती. फक्त संध्याकाळी कालव्याला पाणी सोडायचं होतं, तेव्हा फार रेंगाळू नये, अशी त्यांची विनंती होती. श्रीधरने घड्याळ पाहिलं. आईने पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढला आणि जीप उतारावर घातली. घाटात एसटीला द्यावी तशी पाण्याने तिला बाजू दिली.

खाली चिखल होता, पण रस्ता घट्ट होता. देवळाचा कट्टा लागला, शाळेचं जोतं लागलं. दोन्ही बाजूंना पाणी उभं होतं आणि त्यातून मासे थांबून बघत होते. एका बिनछपराच्या घरासमोर आईने जीप थांबवली. दोघं पायरीवर बसली. आईने दगडावरून हात फिरवला. त्याचे वडील इथल्या शाळेत मास्तर होते. तो जन्मला त्या दिवशी त्यांनी शाळेला सुट्टी दिली आणि सगळी पोरं याच पायरीवर येऊन बसली, असं तिने सांगितलं. पोरांची नावंसुद्धा तिला आठवत होती. श्रीधर ऐकत राहिला. आपणही कुठलेतरी आहोत, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

थोड्या वेळाने आईने विचारलं, "समोर गोठा आहे का रे?"

गोठा समोरच होता, हाकेच्या अंतरावर. "आहे," तो म्हणाला.

"दगडी गव्हाण?"

"तीही आहे."

तिने मान हलवली. मग पदराच्या गाठीतली किल्ली सोडून तिने त्याच्या हातावर ठेवली. इतक्या वर्षांत त्या जीपच्या स्टिअरिंगला तिने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. श्रीधर उठला आणि चालकाच्या जागी बसला. ती वळसा घालून डाव्या बाजूला गेली, दार चाचपून वर चढली आणि मांडीवर हात ठेवून बसली.

त्याने जीप हळूहळू चढाला लावली. मागे पाणी आवाज न करता जागेवर येत होतं. आई बाहेर तोंड करून बघत होती, तिला दिसत होतं तेवढं.

"या बाजूला काय काय असतं," ती म्हणाली, "ते मला कधी बघायलाच मिळालं नव्हतं. सावकाश घे."

त्याने गिअर उतरवला.