पायरी क्रमांक सात व आठ

ज्या घरात कोणी राहू शकत नाही त्याला वारसा म्हणतात, आणि ज्यात कोणी राहतं ते नुसतंच जुनं घर. त्यामुळे एखाद्या घराचा वारसा करायला घेतला की पहिली अडचण येते ती त्यात राहणाऱ्या माणसाची. नकाशावाल्यांच्या घरातली ही अडचण वरच्या मजल्यावर राहत होती आणि सगळं गाव तिला अक्का म्हणायचं.

घर ऐतिहासिक होतं याबद्दल दुमत नाही. गावाचा पहिला नकाशा काढणारा गृहस्थ इथे राहायचा. (त्याने नकाशात एकूण एक विहीर दाखवली, झाडं दाखवली, फक्त स्वतःचं घर दाखवायचं विसरला. त्यामुळे हे घर त्याचंच, हे सिद्ध करण्यात सहा वर्षं गेली.) अक्का त्याची नातसून. नवरा गेल्यापासून एकटीच. खाली ओल आली म्हणून ती वर राहायला गेली, आणि ती वर गेल्यावर जिन्याच्या मधल्या दोन पायऱ्या मोडून पडल्या. गुडघे धड असते तर तिने ती फट हसत ओलांडली असती. पण गुडघेही घराच्याच वयाचे होते.

अक्काची मागणी फार नव्हती. समोर रस्त्याच्या कडेला एक बाक होता. त्यावर रोज संध्याकाळी तिची मैत्रीण येऊन बसायची. अक्काला तिच्याशेजारी जाऊन बसायचं होतं, बस. सध्या त्या दोघी खिडकीतून आणि बाकावरून बोलत. मैत्रिणीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे अक्काच्या पोटाच्या तक्रारी चार गल्ल्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. भाजीपाला दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायचा.

"अरे, एक सुतार पाठव," अक्काने धाकट्या भावाला सांगितलं. "दोन फळ्या ठोकल्या की झालं."

हा भाऊ म्हणजे मसुदेकाका. चौतीस वर्षं त्यांनी कचेरीत मसुदे लिहिले आणि त्याहून जास्त मसुदे दुसऱ्यांचे, लाल शाईने दुरुस्त केले. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी त्यातली चूक शोधायचे आणि मग वधूवरांची नावं वाचायचे. बहिणीवर त्यांचा जीव होता. म्हणूनच तिचं काम असं कसंतरी उरकणं त्यांना पटेना. सुताराचं दुकान चाळीस पावलांवर होतं, पण ऐतिहासिक घराच्या पायरीला सरळ खिळा ठोकायचा म्हणजे काय! त्याला रीत असते.

"अक्का, तू निर्धास्त राहा," ते म्हणाले. "मी हे काम कायमचं करतो."

मग जतन समिती स्थापन झाली. सात सदस्य, चिटणीस मसुदेकाका. (प्रस्तुत लेखक त्या सातांपैकी एक. त्याने प्रत्येक ठरावाला हात वर केला. एकदा तर ठराव वाचून दाखवण्याआधीच केला, कारण त्याला घरी जायचं होतं.) पहिल्या पाच बैठका समितीचा शिक्का गोल असावा की लंबगोल यावर झाल्या. सहाव्या बैठकीत वारसा कार्यालयाला अर्ज करायचं ठरलं.

अर्ज मसुदेकाकांनी लिहिला, हे सांगायला नको. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं होतं, 'घर पूर्वी होतं तसं व्हावं.' वाचून त्यांना कसंसंच झालं. असं वाक्य तर कोणीही लिहील. त्यांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'सदर वास्तू जैसे थे करण्यास परवानगी मिळावी.' आता कसं, वजन आलं. ते वाक्य त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

अर्ज नऊ दिवसांत मंजूर झाला. कार्यालयाच्या इतिहासात इतक्या झटपट मंजूर झालेला हा एकमेव अर्ज, कारण त्यात काहीही न करण्याची परवानगी मागितली होती. 'जैसे थे' याचा कचेरीतला अर्थ एकच: आहे ते आहे तसंच ठेवा, हात लावू नका. हे मसुदेकाकांना ठाऊक नव्हतं असं नाही. चौतीस वर्षं त्यांनी स्वतः तो शब्द त्याच अर्थाने वापरला होता. पण माणूस शैलीच्या नादाला लागला की अर्थाकडे जरा दुर्लक्ष होतं.

पाहणी अधिकारी आले आणि त्यांनी यादी केली. पायऱ्या पंधरा, पैकी मोडक्या दोन (क्र. ७ व ८). कोळिष्टकं अकरा. गळका नळ एक (मिनिटाला चौदा थेंब). खिडकीत वयस्कर स्त्री एक (बोलकी). यादीवर चिटणिसाची सही झाली. यातलं काहीही कमी झालं किंवा वाढलं तर जबाबदारी चिटणिसाची.

जतन किती कठीण असतं ते आम्हाला त्यानंतर कळलं. अक्काने सवयीने एक कोळिष्टक झाडून टाकलं आणि तिसऱ्या दिवशी नोटीस आली. मसुदेकाकांनी दोन सकाळी स्वतःच्या माळ्यावर घालवून एक कोळी पकडला आणि काडेपेटीतून नेऊन नेमून दिलेल्या कोपऱ्यात सोडला. त्याने तिथे एक आणि शेजारी दुसरं जाळं विणलं. एकूण बारा झाली, पुन्हा नोटीस. नळाचे थेंब मध्येच नऊवर आले, तेव्हा नळ बिघडवायला कारागीर बोलवावा लागला. (असा कारागीर मिळायला त्रास झाला नाही.)

पुढे नववी पायरी मोडली. ती मात्र यादीत धड होती, तेव्हा ती दुरुस्त करणं बंधनकारक होतं. सुतार आला, शिडीवर चढला आणि पाऊण तासात नवी पायरी बसवून मोकळा झाला. हातोडी हातात, तोंडात दोन खिळे, आणि समोर ती दोन पायऱ्यांची फट.

"काका, फळी उरलीय. या दोनही ठोकून टाकू?"

"हात लावू नकोस!" मसुदेकाका ओरडले. वर कठड्याला धरून अक्का उभी होती. ती आत निघून गेली.

मसुदेकाकांना झोंबलं. ते त्याच दुपारी कार्यालयात गेले. अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "सोपं आहे. अर्जात शब्द चुकला, माझी चूक झाली, एवढी एक ओळ लिहून द्या. उद्या आदेश बदलतो."

एक ओळ! मसुदेकाका घरी आले आणि लिहायला बसले. त्यांनी 'अर्थच्छटांचा अनवधानजन्य विपर्यास' लिहिलं. 'शब्दप्रयोगातील अनपेक्षित द्व्यर्थता' लिहिलं. महिनाभरात एकोणीस मसुदे झाले, एकाहून एक सरस. समितीने सगळे मंजूर केले. अधिकारी प्रत्येक कागद उलटसुलट करून बघायचा आणि विचारायचा, "छान आहे. पण यात चूक कुठे आहे?" चूक कुठेच नव्हती. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ती सगळीकडून काढून टाकली होती.

शेवटी एके दिवशी सकाळी अक्काने खिडकीतूनच सुताराला हाक मारली. त्याने यादी वाचली नव्हती, समितीही त्याला फारशी माहीत नव्हती, आणि या वेळी ओरडायला काका तिथे नव्हते. तासाभरात सातवी आणि आठवी बसली. अक्का एकेक पायरी उतरत खाली आली आणि मैत्रिणीशेजारी बाकावर जाऊन बसली. इतक्या दिवसांनी ती हळू आवाजात बोलत होती. मैत्रिणीला ऐकू येत नव्हतं, तरी ती मान डोलवत होती.

मसुदेकाकांनी लांबून ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मग त्यांना आठवलं, आज तीन वाजता वार्षिक पाहणी. त्यांनी खिशातून कागद काढला, पेन उघडलं आणि लिहिलं, 'माझी'. पुढचा शब्द हाताला येईना. आम्ही सगळे सदस्य भोवती उभे होतो. एकानेही म्हटलं नाही की काका, लिहा. उलट कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, सुताराच्या दुकानातून खिळे उपटायची पक्कड आणली आणि दोन्ही पायऱ्या काढल्या. (शिडी प्रस्तुत लेखकाने धरली होती. घट्ट धरली होती.)

अक्का जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. "बसवायला तुला समिती लागली रे," ती म्हणाली. "मोडायला एकट्याला जमलं."

तीन वाजता अधिकारी आले. 'जतन उत्कृष्ट' असा शेरा मिळाला. फक्त खिडकी रिकामी आढळली, कारण अक्का मैत्रिणीकडे राहायला गेली ती गेलीच. भावाशी ती बोलत नाही. त्या खिडकीत हल्ली शिडीने चढून मसुदेकाका बसतात. यादीतल्या 'स्त्री' या शब्दावर पत्रव्यवहार चालू आहे.

तुम्ही म्हणाल, एक ओळ लिहायला त्या माणसाचं काय जात होतं? खरं आहे. दुसऱ्याने लिहायची असली की ती ओळ फारच सोपी वाटते. तुमच्याही घरात कुणीतरी तुमच्याकडून तेवढीच ओळ ऐकायची वाट बघतंय. नाव मी विचारत नाही. ते तुम्हाला एव्हाना आठवलेलं आहे.