लक्ष्मीच्या कपाळी टिळा

इंद्रभान गुरुजींच्या घरात ऐन दसऱ्याच्या सकाळी आरडाओरडा झाला, तो दोनशे गोल्फ खेळाडूंवरून.

खरं तर उभ्या जानेफळात गोल्फ कोणी पाहिलेला नव्हता. पुतणी योगिनीनं अमेरिकेहून येताना काकांसाठी जुन्या बाजारातला एक खोका आणला होता. त्यात खेळाडूंची छापील कार्डं. प्रत्येकाच्या हाती काठी नि मागं हिरवंगार रान. "एवढं गवत अन् एक बकरी नाही!" गुरुजींच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या होत्या. काडेपेट्या, तिकिटं, नाणी, गुरुजींनी चाळीस वर्षं जे जे जमवलं त्याला बाईंचा एकच शब्द होता, पसारा. पण असलंच एक कार्ड लाखांना गेल्याचं मोबाइलवर वाचलं आणि गुरुजी आदल्या दिवशी छाती फुगवून म्हणाले, "हा पसारा नाही वं, लक्ष्मी हाय लक्ष्मी!"

बाईंनी ते मनापासून मानलं. दसऱ्याला विळ्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग लक्ष्मीनंच काय घोडं मारलं? त्यांनी पाटावर कार्डं मांडली आणि बोट ओलं करून एकेका खेळाडूला टिळा लावला.

"काय करून ठेवलं हे? इतकुसा डाग असला तं कोनी हात नाही लावत त्याले!"

"तुमीच तं लक्ष्मी म्हनलं. लक्ष्मीले कुंकू नाही तं काय लावू?"

नवऱ्याच्या छंदाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा हात जोडले होते, आणि त्याचं हे फळ. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर त्यांनी हातातल्या पाटल्या काढून गुरुजींपुढे ठेवल्या. "घ्या, मोडा. नुकसान माह्या हातानं झालं."

गुरुजींना फार वाईट वाटलं. नुकसान किती, हे तरी कळावं म्हणून त्यांनी योगिनीला फोन लावला. ती हसतच सुटली. "काका, लाखांनी छापले होते हे कार्डं. अमेरिकेत घरोघर पडून हायेत. कोरे असते तरी कोनी चहा नसता पाजला!"

आता सांगितलं, तर चाळीस वर्षांचा छंद पुन्हा पसारा ठरणार. न सांगावं, तर समोर पाटल्या. गुरुजींनी त्या उचलून बाईंच्या हातात घातल्या आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी पाटावरच्या दोनशे जणांकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"म्हंजे माह्यं कुंकूच वाया गेलं म्हना!"

कोणतं कुंकू, हे विचारायची गुरुजींना हिंमत झाली नाही.