मुखेडकर सर विमानात बसतात

कुणाच्या घरी काही मोडलं की मुखेडकर सरांचा चेहरा खुलतो. माझ्या स्कूटरची स्प्रिंग तुटली तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो आणि सर खिशातलं भिंग काढून तुटलेल्या तोंडाकडे बघत होते. "धातूचा दाणा बगा, दाणा! काय सुंदर मोडलीय हो!"

नांदेडच्या आमच्या कॉलेजात सर धातुशास्त्र शिकवतात, मी गणित. शिवाय आम्ही शेजारी. विमानाच्या इंजिनातली पाती तापून लाल झाली तरी वाकू नयेत म्हणून ती निकेलच्या एका खास मिश्रधातूची करतात. सरांचा जीव त्या धातूवर. भट्टीत नमुना असला की सर लग्नाला येत नाहीत, आणि वीज गेली की घरात कुणी अत्यवस्थ असल्यासारखे येरझारा घालतात. एकदा माझी बायको शिरा करत होती, तर कढईपाशीच उभे राहिले.

"वहिनी, आमच्या धातूचंबी असंच. आधी लई तापवायचं, आतलं सगळं विरघळू द्यायचं. मग झटकन थंड. मग पुन्हा कमी आचेवर तासन्‌तास. तवा कुठं आत बारीक चौकोनी दाणे धरतात. भार तेच पेलतात. पण जास्त वेळ ठेवलं की दाणे फुगले, धातू गेला!"

"शिराबी चाललाय करपून," म्हणत बायकोनं त्यांना बाजूला सारलं.

असा हा माणूस कधी विमानात बसला नव्हता. मागच्या हिवाळ्यात कॉलेजनं आम्हा दोघांना पुण्याला एका कार्यशाळेसाठी विमानानं पाठवलं. सरांनी इंजिन दिसेल अशी खिडकी मागून घेतली. कडेला मी, आणि मधे हदगावकडच्या एक मावशी, लेकाकडे निघालेल्या. त्यांचीही पहिलीच खेप.

इंजिन सुरू झालं आणि सरांना राहवेना.

"मावशी, आत किती तापलंय ठावं हाय का? साधं लोखंड असतं तर मेणावानी मऊ पडलं असतं!"

मावशींनी गळ्यातली पोत मुठीत धरली. "मऊ?"

"आन् दाणे बिघडले तर पातं लांबत जातं. हळूहळू. मग एक दिवस..."

"मला उतरवा!"

हवाई सुंदरी धावत आली. पट्टा ओढणाऱ्या मावशी आणि भिंग घेऊन खिडकीला चिकटलेले सर, दोघांनाही तिनं सारखंच दटावलं.

विमान धावू लागलं. मावशींनी डोळे गच्च मिटले होते. ते पाहून सरांचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढे केला.

"धरा. म्या अर्धंच सांगितलं. एकेक पातं तपासतात, जरा शंका आली की बाद. जन्मभर म्या असलेच नमुने तपासून राहिलो."

"तुमी बसलाव का याच्याआधी?"

"न्हाई. मलाबी भ्या वाटून राहिलं."

मावशींनी डोळे उघडले. "मग घट्ट धरा की."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण हाय?"

"कुणी न्हाई. बायको होती. तिला एकदा विमानात बसवायचं होतं."

इतकी वर्षं शेजारी राहून विमानाचं हे मी कधी ऐकलं नव्हतं. मावशींनी पुण्यापर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

बाहेर लेक न्यायला आला होता. "ह्ये माझे भाऊ," मावशींनी सरांना पुढं केलं. सरांनी त्यांची पिशवी गाडीत ठेवली. गाडी निघाली.

"चला," मी म्हणालो.

"थांबा हो," सर म्हणाले. "मागं वळून बघतील त्या."