डोमाजीकाकांचे ओंडके

सकाळी लोक देवाला उठवतात. आमचे शेजारी डोमाजीकाका आंब्याच्या ओंडक्यांना उठवतात. काठीचे दोन ठोके मारायचे, कान लावायचा आणि म्हणायचं, "झोपूनच राहिले अजून. झोपू दे."

धानाची शेती करणाऱ्या या माणसाने मोबाइलवर कुठेतरी लाकडावर धिंगरी अळंबी उगवलेली पाहिली. लगेच दोन ओंडक्यांना भोकं पाडली, त्यांत अळंबीचं बियाणं ठासलं, वरून मेण लावलं आणि दोन्ही आमच्या कुंपणाशी सावलीत ठेवले. स्वतः मात्र अळंबीच्या वासानेच तोंड फिरवतात. मग हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं.

"घाई कायले करता, गुरुजी?" कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नंतर तुमचा विश्वास बसणार नाही. थंडीत एकदा आंघोळीच्या पाण्यासाठी सरपण संपलं. एका ओंडक्याच्या टोकाला पांढरी बुरशी दिसली. सडला बिचारा, काका फेकूनच देणार, असा शास्त्रीय निष्कर्ष काढून मी तो चुलीत सारला. धूर एवढा झाला की काका धावत आले.

"तो पांढरा जीवच तं अळंबी होता, गुरुजी," ते म्हणाले. "तुमची काकू दोन वर्षांपासून खाटेवर हाये. सात्या तोडाले रानात जाता येत नाही तिले. म्हणून करून राहिलो होतो."

सात्या म्हणजे आमच्या रानात पावसाळ्यात उगवणारी अळंबी. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते उरलेला ओंडका घरात घेऊन गेले. मी रोज त्याला पाणी घालायला जाऊ लागलो. शाळेला उशीर झाला तरी.

श्रावणात एके दिवशी काकांनी मला हाक मारली. ओंडका काकूंच्या खाटेला टेकवलेला होता आणि त्यावर पांढऱ्या छत्र्यांचे झुपके आले होते. काकू पडल्या पडल्या एकेक तोडून पदरात घेत होत्या. काका मुद्दाम अंगणात गेले आणि बाहेरून आल्यासारखे आत शिरले.

"कोठं सापडल्या वो?"

आमच्याकडे रानातली सात्यांची जागा बाई कुणालाच सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. काकूंनी पदर झाकला.

"कायले सांगू? उद्या तुमीच तोडून आणसाल!" आणि त्या खळखळून हसल्या.

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "दोन वर्षांनी हासली, गुरुजी."

मी ओंडक्याला पुन्हा पाणी घालायला घेतलं. सकाळीच घातलं होतं, तरी.